आधी बर्फावरून कोण उतरतं

२ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प. दोन्ही गुडघे सांभाळायचे. बेचाळिशीपर्यंत आइस हॉकीच्या गोलमध्ये उभं राहायचं. फिनलंडच्या राष्ट्रीय संघाचा फोन आला तर लगेच हो म्हणायचं नाही, आधी थोडा भाव खायचा. गुडघे तसे ठणठणीत आहेत. फक्त वाकत नाहीत.

७ जानेवारी
क्लबनं दुसरी गोलकीपर आणली. पिहला, वय एकोणीस. कोच तापानी म्हणाला, "औती, तुझ्या हाताखाली शिकेल." म्हणजे माझी जागा पक्की. पोरगी मला 'तुम्ही' म्हणाली. आमच्याकडे 'तुम्ही' फक्त मरायला टेकलेल्या आजीला म्हणतात. म्हटलं, 'तू' म्हण. तर म्हणे, "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

१८ जानेवारी
मॅचच्या दिवशी सकाळी हलका सराव असतो. त्यात जी गोलकीपर आधी बर्फावरून उतरते ती संध्याकाळी खेळते. दुसरी मागे थांबून जादा सराव हवा असलेल्या पोरींचे फटके अंगावर घेते. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आज तापानी मला म्हणाला, "तू जरा थांब." पिहला उतरली. अर्थ उघड आहे: माझ्यावर जास्त मेहनत घेतोय. संध्याकाळी तीच खेळली, पण ते तिला सवय व्हावी म्हणून. मी बाकाच्या टोकाला बसून बर्फावर आत-बाहेर करणाऱ्या पोरींसाठी कठड्याचं दार उघडलं. वेळेवर दार उघडणं येरागबाळ्याचं काम नाही.

२९ जानेवारी
पुन्हा थांबले. रीकाचे फटके हल्ली फारच हळू येतात. रीका म्हणजे माझी बचावपटू, पंधरा वर्षं माझ्या पुढ्यात उभी. गाडीतून नेते-आणतेही तीच. परतताना तिला म्हटलं, तापानी मला सेमीफायनलसाठी राखून ठेवतोय. तिनं वायपर सुरू केला. मग म्हणाली, "रस्ता निसरडा आहे गं, मला बोलायला लावू नकोस."

९ फेब्रुवारी
पिहलाला माझं गुपित दिलं: खेळ सुरू होण्याआधी डाव्या खांबाला काठीनं टकटक करायची, मग खांब आपला होतो. आज दोनदा पकची चकती त्याच खांबाला लागून बाहेर गेली. तिच्यासाठी. फितूर खांब.

१७ फेब्रुवारी
रीका विचारत होती, सौनात वाफ करायला पाण्याची बादली लाकडाची बरी की तांब्याची? सौना नवी करतेय वाटतं. म्हटलं, तांब्याची घे, लाकडी गळते. "पण तुला कुठली आवडेल?" माझं काय त्यात. कपडे बदलायच्या खोलीत मी शिरले की पोरी गप्प होतात. आदर आहे.

५ मार्च, दुपार
सेमीफायनल. सकाळी तापानी स्वतः म्हणाला, "औती, आज तू आधी उतर." शब्द जसेच्या तसे. उतरताना मागे वळून पाहिलं नाही. रीकाला म्हटलं, सांगितलं होतं ना? ती म्हणाली, "जरा झोप काढ. आणि केस धू." झोपते. केस कशाला, हेल्मेटच्या आत कोण बघतंय.

६ मार्च
एकदाच लिहिते. पॅड चढवून सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं. गोलकडे निघाले, तर मध्येच बर्फावर लाल गालिचा. त्यावर क्लबचे अध्यक्ष, फुलं, आणि रीकाच्या हातात तांब्याची बादली. बादलीवर माझा नंबर कोरलेला. निरोप समारंभ. माझा. हेल्मेट काढायला लावलं. केस तसेच.

रीकाला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "सगळ्यांनाच होतं. तापानी म्हणाला, मी सांगतो. मग म्हणाला, तूच सांग. नाही जमलं गं." बादली कुठली ते मला विचारून मलाच फसवलं.

गोलमध्ये पिहला. एक-शून्यनं जिंकलो. शेवटचा पक डाव्या खांबाला लागला. दार मी उघडत होते. एकदाही उशीर नाही.

८ मार्च
रीकाशी अबोला. बसनं फिरते. बादली गळत नाही, तेवढं खरं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. घसा साफ करून उचलला. पिहला. "औती, फायनलच्या सकाळी तू मागे थांबशील ना? दुसरं कोणी नाहीये." 'तू' म्हणाली.

संकल्पाप्रमाणे भाव खाल्ला. तिचं वाक्य संपेपर्यंत.

पॅड वाळत घातलेत.