थांबगं

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

तुझा गुडघा आता कसा आहे? मावशी सांगते तेवढंच कळतं. मी बरी आहे. रानफुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढतेय. बावन्न झाली, आठ राहिलीत.

त्यातलं एक तू लगेच ओळखशील. कालव्याकाठचं जांभळं, शर्टाच्या बटणाहून लहान. थांबगं. शाळेतून येताना आपले मोजे त्याच्या बियांनी भरून जायचे. बी कपडे धरून ठेवते म्हणून ते नाव, असं मी संपादकबाईंना छातीठोकपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, जाणत्या माणसाला विचारून या.

म्हणून गवत कापणाऱ्या एका आजींना गाठलं. त्या हसल्याच. चिकटणाऱ्या बिया काय, छप्पन्न झाडांना असतात म्हणाल्या. पूर्वी बायका गवताचे भारे घेऊन परतायच्या, तेव्हा कालव्याच्या चढावर हे फुललेलं असायचं. तिथेच मागे पडलेली बाई पुढचीला हाक मारायची, "थांब गं!"

मी विचारलं, "म्हणजे पुढे जाऊ नकोस, असं?"

"जाऊ नकोस कशाला? भारा जड झालाय, जरा हात लाव, असं."

ताई, पुढचं मला लिहून घेताच येईना.

मी नोकरीसाठी निघाले तेव्हा जिन्यात येऊन तू हीच हाक मारलीस. हातात अण्णांच्या औषधाची बाटली होती. ताईला माझं पुढे जाणं खुपलं, असं सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले. अण्णा अंथरुणाला खिळलेले आणि तू एकटी, हे मला दिसत होतं गं. दिसत होतं म्हणूनच वळून पाहिलं नाही. ते गेले तेव्हाही पाहुण्यासारखी दोन दिवस राहून आले. माझं चुकलं.

आता कामाचं. पुस्तकात चित्रांखालची नावं हाताने लिहायची आहेत आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं ते पत्र, ज्याला मी उत्तर दिलं नाही, त्याचं पाकीट संपादकबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, यांनाच विचारा. साठ नावं आहेत. लिहिशील?

नाही म्हणालीस तरी शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

सहा वर्षं उशिरा,
तुझी धाकटी