सुनावणीच्या आधी आईला

४ एप्रिल २०११
तारीख आली! अठरा मे. कायमचं सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डापुढे माझी फाईल. अलाबामात कैद्याला तिथे नेत नाहीत. बाजूने बोलणारे एका अंगाला, विरोधातले दुसऱ्या अंगाला, आणि आपण इथे बराकीत नखं खात बसायचं.

आईला फोन केला. ती आधीच तयारीत. "पाद्रीबाबांनी बस ठरवलीय. चाळीस माणसं! सगळ्यांचे पांढरे शर्ट, छातीवर लिहिलंय — सायलस निर्दोष आहे. आणि बोलणार मी!" अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आनंद आवाजात मावत नव्हता. मी नुसतं हं हं करत राहिलो.

५ एप्रिल
जेवलो नाही.

९ एप्रिल
लिहूनच टाकतो. वेंडेलला मी मारलं. मीच.

१९९२चा जुलै. आम्ही एकाच गल्लीत वाढलेलो. त्याने दुकानासमोर चारचौघांत माझ्या बापावरून टोमणा मारला आणि माझं डोकं फिरलं. खिशात चाकू होता. बावीस वर्षांचा होतो — हे कारण नाही, नुसतं वय आहे. परसातून घरी आलो. आई व्हरांड्यात मांडीवर चवळीच्या शेंगा घेऊन पेंगत होती. शेजारी बसून सोलायला लागलो. कोर्टात तिने बायबलवर हात ठेवून सांगितलं, पोरगा दुपारभर माझ्यापाशीच होता. तिला तसंच वाटतं, बिचारीला.

गावात निम्मी वस्ती आम्हा काळ्यांची, ज्युरीत काळा माणूस एक. सरकारी वकील माझ्याकडे बोट दाखवून 'जनावर' म्हणाला. मग काय, अख्खं चर्च माझ्यामागे उभं राहिलं. असल्या कोर्टाने दोषी ठरवलेला पोरगा निर्दोषच असणार! आणि वेंडेलची आई, ओझेलामावशी? ती म्हणत राहिली — सायलसच होता. लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तीस वर्षं चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी राहणारी बाई, शेवटी चर्च सोडून गेली.

१२ एप्रिल
शेजारच्या खाटेवरच्या टोलिव्हरला सांगितलं. एकाहत्तरचा आहे, तेहेतीस वर्षं आत.
"बोर्डाला लिही की," म्हणतो. "त्यांना कबुली आवडते. म्हातारीला कशाला जाळतोस, पोरा?"
"ती तिथे उभी राहून मी निर्दोष आहे म्हणून सांगेल, बाबा. आणि समोर ओझेलामावशी बसलेली असेल."
खाटेवर कूस बदलून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "फोनवर नको. तोंडावर सांग."

१५ एप्रिल
नवा गोरा शिपाई. चोविशीचा असेल. "ए पोऱ्या, भिंतीला लाग!" मी एक्केचाळीसचा. लागलो भिंतीला.

असल्यांच्या हाती कबुली द्यायची, या विचारानेच इतकी वर्षं दातखीळ बसली होती. मी हो म्हटलं की तो वकील खरा ठरणार! इथेच शाळा पूर्ण केली, आता वर्गात दुसऱ्यांना वाचायला शिकवतो, आणि एवढं साधं कळायला एकोणीस वर्षं लागली — कोर्टाने माझा रंग बघितला हे खरं, आणि खून मी केला हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

उद्या भेट आहे. सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ एप्रिल, शनिवार
सांगितलं. "आई, वेंडेलला मी मारलं."

ती मशीनमधून आणलेली शेंगदाण्यांची पुडी फोडत होती. फोडली. चार दाणे माझ्यापुढे ठेवले.
"मी झोपले नव्हते," म्हणाली.
मला कळेना.
"त्या दिवशी. डोळे मिटून बसले होते नुसती. तू परसातून आलास, हात धुतलेस, शेजारी बसलास. इतका थरथरत होतास, शेंग सोलता येत नव्हती तुला."
"मग कोर्टात—"
"विजेच्या खुर्चीवर बसवणार होते ते तुला!" एवढ्या मोठ्याने बोलली की शिपायाने वळून बघितलं. "गल्लीतलं एक पोर गेलंच होतं. दुसरंही देऊ?"

वेळ संपली. पर्स उचलून गेली. वळून बघितलं नाही.

१८ एप्रिल
राग आलाय. एकोणीस वर्षं दर भेटीला आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून नाटक करत होतो! मला वाटायचं मी तिला जपतोय. ती मला जपत होती. आणि दोघांच्या मध्ये ओझेलामावशी चिरडली गेली.

२० एप्रिल
आई फोन उचलत नाही.

२४ एप्रिल, ईस्टर
आज उचलला. सकाळी भरल्या चर्चमध्ये उभी राहून तिने सगळं सांगितलं. माझं आणि स्वतःचंही. बस रद्द. पाद्रीबाबा रडले म्हणे. दुपारी ओझेलामावशीच्या दारात गेली, तासभर पायरीवर बसली, मग दार उघडलं.

अठरा मेला ती जाणार आहे. पण माझ्या बाजूला नाही, ओझेलामावशीच्या शेजारी बसणार आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. माझ्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. राहू देत!