नळी बांधणारे डॉक्टर

३ मार्च
आले बाई एकदाची. नवी नोकरी, नवी खोली, आणि ताईचं घर चालत दहा मिनिटांवर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आहे. बारा काचेच्या पेट्या, टोकाला छोटं ऑपरेशन थिएटर, आणि थिएटरची सिस्टर म्हणजे मी. वॉर्डातल्या मावशींनी पहिल्या तासातच माझं लग्न, माहेर आणि केस का कापले, सगळं काढून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः चहा करून दिला. साखर फार होती, पण बोलायची काय बिशाद.

५ मार्च
मोठे डॉक्टर एकाच ऑपरेशनसाठी नावाजलेले. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक नळी उघडी असते, जन्मल्यावर ती मिटते. फार लवकर आलेल्यांची कधीकधी मिटत नाही, मग फुप्फुसात नको इतकं रक्त जातं. पूर्वी सर्रास पाठ कापायची, काडीएवढ्या बरगड्या फाकवायच्या आणि नळीला चिमटा लावायचा. आता औषध देतात, वाट बघतात, फारच अडलं तर मांडीच्या शिरेतून बूच बसवतात. विभाग नव्या इमारतीत जाणार, म्हणून वीस वर्षांचा तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या वर्षी एकसष्ट ऑपरेशनं. गेल्या वर्षी दोन.

८ मार्च
तक्ता भिंतीवर लावला. डॉक्टरांनी तो बराच वेळ वाचला, मग फाडला. मावशी खणात कापूस ठेवत होत्या. डॉक्टरांनी लाथ मारून तो खण बंद केला. मावशींची दोन नखं निघाली. लगेच डॉक्टरांनीच मलमपट्टी केली, इतकी सुंदर की माझ्या अंगावर काटा आला. मावशी म्हणाल्या, जाऊ दे, रागाच्या भरात झालं. मीही तक्रार लिहिली नाही. लाज वाटते मला.

१३ मार्च
ताईला सहाव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली. सातशे ग्रॅम, माझ्या ओंजळीत मावेल एवढी. नऊ वर्षं वाट बघून झालेलं लेकरू. आमच्याच विभागात आहे. नळी उघडी. औषधाचे तीन डोस द्यायचं ठरलं, ते डॉक्टर स्वतः देणार. ताई त्यांना देवमाणूस म्हणते.

१६ मार्च
तीन डोस झाले, फरक शून्य. बाकीची अकरा बाळं नव्या इमारतीत गेली. हिच्यासाठी उद्या चारला खास गाडी येणार आहे. डॉक्टर म्हणतात, त्याआधी कापू. ताईला मी सही करू दिली नाही. ते हसले. म्हणाले, सिस्टर हट्टी आहेत.

१७ मार्च, दुपारी २
कागद शोधायला डॉक्टरांचा खण उघडला. औषधाच्या तीन बाटल्या. सील शाबूत. वर ताईच्या नावाची चिठ्ठी. मग भाचीच्या अंगात गेलं काय? नुसतं मिठाचं पाणी, त्याच्या रिकाम्या बाटल्याही तिथेच आहेत. खाली आणखी बाटल्या आहेत, जुन्या, दुसऱ्या आयांच्या नावांच्या. गेल्या वर्षीच्या त्या दोघीही. दोघींची बाळं टेबलावरच गेली होती.
मावशींना भाचीपाशी बसवलंय. नव्या इमारतीत सांगायला निघालेय.

२.१५
जिन्यातच मावशींची किंकाळी ऐकली. परत धावले. थिएटरच्या दाराबाहेर पडल्या होत्या, मानेत कात्री, पाय झाडत होत्या. आत तो डॉक्टर. भाची टेबलावर पालथी. पाठीवर एक चीर दिलेली. भूल नाही, काही नाही. मी लोखंडी ट्रे त्याच्या तोंडावर घातला. दात पडले. पुन्हा घातला. पुन्हा. ब्लेडनं माझा गाल फाडला मेल्यानं — पण ढकलला बाहेर. कडी लावली.

२.३०
वीज तोडली त्यानं. श्वासाचं मशीन बंद. हवेची पिशवी हातानं दाबतेय. डाव्यानं दाबते, उजव्यानं लिहिते, कोणाला तरी कळायला हवं. मोबाइल बाहेर, लॉकरमध्ये. चारला गाडी येईल. धर गं बाई, धर.

२.५०
दारापलीकडून बोलतोय. अगदी शांत. नव्या इमारतीत फोन केलाय म्हणे. बाळ गेलं, गाडी नको — ताईलाही तेच कळवलंय.

३.०५
ताई आलीय. दाराच्या काचेतून दिसतेय. मावशींना मी मारलं, मला वेड लागलंय, मेलेल्या लेकराला घेऊन बसलेय, असं सांगितलंय त्यानं. त्याचं फुटलेलं तोंड बघून तिला पटलंय. मी ओरडले, जिवंत आहे गं, छाती हलतेय बघ. ती म्हणते, तूच हलवतेयस. सोड तिला. एकदा मला घेऊ दे.

हात बधिर —

काच फुटली. ताईचा हात आत आलाय. कडी चाचपतोय. मागे तो, ब्लेड घेऊन —

ताई नको

ऑपरेशनची दुसरी कात्री समोरच आहे. ताईचा हात थांबवायलाच हवा. डावा सोडता येत नाही. पेन खाली ठेवून उजव्यानं —