वरच्या वाडीला, सायकलवरून

१९ जानेवारी, रविवार
रिटायर होऊन चार महिने झाले. आजपासून समाजसेवा.
कासार आंबोलीच्या वृद्धाश्रमाला कुणीतरी तीनचाकी सायकल भेट दिली आहे. पुढे दोघांना बसायला सीट, मागे चालवणारा. आजी-आजोबांना मोकळ्या हवेत फिरवायचं. चालवायला माणूस नाही म्हणून शेडमध्ये पडून होती. आता मी आहे. मॅनेजर वैष्णवीने विचारलं, सायकलची सवय आहे का. म्हटलं, भूगावला आमच्या सोसायटीच्या जिममध्ये रोज बारा किलोमीटर. ती म्हणाली, पण ती जागची हलत नाही ना, सर. मी म्हटलं, किलोमीटर ते किलोमीटर.
घरी बायकोला सांगितलं. शुभांगीने पहिला प्रश्न गुडघ्याचा काढला. घरच्यांकडून सपोर्ट मिळेल ही अपेक्षाच सोडली पाहिजे.

२२ जानेवारी, बुधवार
आवारात ट्रायल. तीनचाकी वळताना झुकत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी झुकलो, सायकल सरळ गेली. ती कुंडी आधीच तडकलेली असणार. व्हरांड्यात अकरा जण बसले होते. एकही हसला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनानंतर पहिली फेरी. विचारलं, कोण येणार. सगळे झेंड्याकडे बघत राहिले. शेवटी रंभाबाई उठल्या. वय त्र्याऐंशी, इथल्याच. गेटपासून देवळापर्यंत आणि परत. माझी पँट चेनमध्ये अडकली ते सोडल्यास उत्तम.
उतरताना त्यांनी विचारलं, ही वरच्या वाडीला जाती का. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते, चंद्राबाई. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. पुढे जमीन विकली, पोरांची भांडणं झाली, दोन वर्षं तोंड पाहिलेलं नाही. चंद्राबाईला चालता येत नाही. तिचा मुलगा धनाजी आश्रमाच्या दारात पाय ठेवत नाही, फोन जोडून देत नाही. आणि नऊ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता तो आईला कायमचा बंगळूरला घेऊन चाललाय. रंभाबाई म्हणाल्या, एकडाव तिला बघायचंय, मग काय हुईल ते हुईल.
मी जागेवर शब्द दिला. साडेचार किलोमीटर. जिममध्ये एवढं मी बातम्या बघत करतो.

२९ जानेवारी, बुधवार
पार्किंग ब्रेक लावायचा राहिला आणि सायकल आपली आपण शेडमध्ये गेली. सिस्टीम हवी. पाटी टाईप करून लॅमिनेट केली आणि सीटसमोर लावली: पार्किंग ब्रेकचा दांडा सीटखाली उजव्या हाताला आहे. ओढल्यास चाके जाम होतात. प्रवाशांनी हात लावू नये.
वैष्णवी म्हणाली, सर, प्रवाशांना माहीतच नव्हता तो. म्हणूनच तर पाटी. या मुलांना प्रोसेस कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
रंगीत तालीम रद्द. गुडघा. त्याऐवजी कारने जाऊन रस्ता पाहिला. दीड किलोमीटरवर ओढ्यावरची मोरी, अरुंद पूल. पुढे खिंडीचा चढ. चढ मध्यम आहे. कार सेकंडवर गेली.
रंभाबाईंनी विचारलं, मोरी रुंद केली का हो. म्हटलं नाही, एका वेळी एकच गाडी जाते. थोड्या वेळाने पुन्हा तेच, खरंच एकच जाती का. या वयात विसरायला होतं. मी न चिडता परत सांगितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
वैष्णवीने भलतंच काढलं. शनिवारी आश्रमाची व्हॅन औषधं आणायला पौडला जाते, वाटेत रंभाबाईंना वाडीला सोडते, येताना घेते. मी स्पष्ट सांगितलं, गरज नाही, रविवारचं माझ्याकडे लागलंय. मग सायकल कशाला आहे? ती म्हणाली, सर, त्यांना ही एकच संधी आहे. मी म्हटलं, माझ्यावर सोड. रंभाबाईंना यातलं काही कळायची गरज नाही.
दुपारी झोप लागली नाही. सकाळचे पोहे असावेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सीटवर वाळूची पोती ठेवून खिंड. एक तृतीयांश चढलो. उरलेली दोन तृतीयांश बघून आलो. उतरताना ब्रेकला जळका वास.
निष्कर्ष: वाळू हे मुर्दाड वजन आहे. माणूस सहकार्य करतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सव्वाअकराला व्हॅन गेटमधून बाहेर पडली. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी. रंभाबाई व्हरांड्यात बसून तिच्याकडे बघत होत्या. मी टायरमधली हवा बघत होतो. फोन करून व्हॅन थांबवता आली असती. वळणापर्यंत वेळ होता. मग वळली.
उद्या ठरल्याप्रमाणे. निघणे ८.००, पोचणे ८.५०.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ८.४०. अजून आवारात. हेल्मेटचा पट्टा, वॉर्म-अप, निरोपाचे फोटो. बफर ठेवलेलाच आहे. रंभाबाई सातपासून सीटवर बसून आहेत. मांडीवर पिशवी, तीत हरभऱ्याचा डहाळा. चंद्राला लई आवडतो, म्हणाल्या. वेळ विचारली. म्हटलं, भरपूर आहे.
९.५०. मोरीवर, कठड्यावर बसून लिहितोय. निघायला नऊ वाजून गेले. वाटेत तीनदा थांबलो, मुद्दाम, हार्ट रेट बघायला. आणि आता बरोब्बर पुलाच्या मधोमध सायकल हलतच नाही. पुढे नाही, मागे नाही. उतरून ढकलली. कमरेत काहीतरी वाजलं. मोरीवर चढ दिसत नाही, पण असतो.
१०.०५. गेणू धनगर शेरडं घेऊन आला. त्याने सीटखाली वाकून पाहिलं. रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ झाला आणि तंबाखू मळत बसला. म्हणाला, कुटं नडलंय ते कळंना बा. धनाजीची गाडी निघाली असणार. मला भीती वाटतेय. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: शनिवारी त्यांना व्हॅनने जाऊ द्यायला हवं होतं. रंभाबाई मात्र शांत, पदर नीट करतायत.

संध्याकाळी ६.००. मिशन सक्सेसफुल.
सव्वादहाला पांढरी गाडी आली. हॉर्न. धनाजी उतरला आणि मला जे बोलला ते लिहीत नाही. ही ढकल, न्हाई तर वढ्यात टाकतो, एवढाच शेवट. ढकलायला लागला, त्यालाही हलेना. तेवढ्यात रंभाबाई आपल्या आपण उतरल्या, पाच पावलं चालल्या आणि गाडीचं मागचं दार उघडून आत चंद्राबाईंशेजारी बसल्या.
दोघी वीस मिनिटं बसल्या. डहाळा सोलून खात होत्या, टरफलं सीटवर टाकत होत्या. बोलणं ऐकू आलं नाही. एकदा चंद्राबाईंनी थोरल्या बहिणीच्या गालावरून हात फिरवला आणि मग तो तसाच ठेवला. धनाजीने इंजिन बंद केलं. पाठ करून ओढ्याकडे बघत उभा राहिला. मलाही भरून आलं.
मग रंभाबाई शाल राहिली म्हणून सायकलपाशी आल्या, सीटखाली वाकल्या, शाल घेतली. मी शेवटचा जोर लावला आणि सायकल अलगद सुटली. टेक्निकचा भाग असतो. त्यांना धनाजीनेच गाडीतून आश्रमाच्या दारापर्यंत सोडलं. मी आणि सायकल गेणूच्या ओळखीच्या टेम्पोतून आलो.
माझ्यामुळे दोन बहिणी भेटल्या. वेग कमी ठेवल्यामुळे टायमिंग बरोबर जुळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
पुढच्या रविवारची यादी करायला गेलो. वैष्णवी म्हणाली, सर, बसा.
ब्रेक रंभाबाईंनी ओढला होता. खिंड माझ्याच्याने होणार नाही, हे त्यांना देवळाच्या फेरीतच कळलं होतं. वाटेत नुसती गाठ पडली असती तर धनाजी बाजूने निघून गेला असता. बंगळूरला जाताना मोरी ओलांडावीच लागते, आणि तिथे त्याला बाजूने जाता येणार नव्हतं. म्हणून मोरी. व्हॅनची सोय मी रद्द केली, हेही त्यांना बुधवारपासून माहीत होतं. वैष्णवीने त्याच दिवशी चिडून त्यांना सांगितलं होतं. त्यांनीच तिला सांगितलं, साहेबाला बोलू नगं, हौशी माणूस हाय, मी बगते काय करायचं ते.
मी विचारलं, पण दांडा कुठे आहे हे त्यांना कसं कळलं.
वैष्णवी म्हणाली, त्यांना वाचता येत नाही. तुमची पाटी त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.
पाटी काढून घरी आणली. शुभांगी म्हणाली, एवढी लॅमिनेट केलेली, टाकू नका.