सुकन्या गाडीत बसली नाही

प्रिय सोमेश्वरा,

आप्पारावच्या गाडीतून सुकन्या उतरेल म्हणून तू कारखान्यावर वाट बघत असशील. ती आली नाही. मीच बसू दिलं नाही. तिच्या जागी भावकीतला आपला सटवा पाठवलाय. सुरेखा सूनबाईचं मनगट बरं होईपर्यंत तो उसाच्या मोळ्या बांधील. रागावू नको, आधी सगळं वाच. फोनवर बोललो असतो, पण तुमच्या कोपीवर, एकाला एक लागलेल्या झोपड्यांत, सगळी टोळी कान देऊन ऐकते.

तुझी पोरगी दहावीला आहे आणि परीक्षा दीड महिन्यावर आलीय. काळजीनं मला जेवण जात नाही. तुम्ही ऊसतोडीला गेल्यापासून मी रोज तिच्यासमोर पुस्तक धरून बसायचो. माझी शाळा चौथीपर्यंतची. बोट ठेवून प्रश्न वाचायचो, ती उत्तर द्यायची, मी बरोबर म्हणायचो. चूक म्हटलं तर पोर खचेल, असं वाटायचं. सराव परीक्षेत ती विज्ञानात नापास झाली. पालकसभेला धोतर धुऊन नांदूरघाटला गेलो. सरांना सांगितलं, रोज अभ्यास घेतो मी. तर सुकन्या सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, तुमी समद्यालाच बरोबर म्हणता. एकदा मी नुसतं गाणं म्हणलं, त्येबी बरोबर." सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "आबा, तुम्ही तपासू नका. तिलाच म्हणा, मला शिकव. जिथं अडेल तिथं खूण करा, मी बघतो. आणि तिच्या आईबापांना सांगा, फोनवर शाळेचं विचारा."

तेव्हापासून दिवेलागणीला ती मला शिकवते. विजेचा धडा चाललाय. मी चुकलो की, "ध्यान कुठं हाय आबा तुमचं?" म्हणून ओरडते, हुबेहूब तुझ्यासारखी. मग माझं ध्यान खरंच तुझ्याकडं जातं. थंडी लई असेल तिकडं, पांघरूण पुरतं का? सुरेखाचा फोन येतो; भाकरी केली का, म्हशीला पाणी दाखवलं का, एवढंच विचारते. फोन ठेवून पोर तिथंच बसून राहते. काल म्हणाली, "मी कितवीला हाय, हे तरी माहीत हाय का यांना?"

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. तू दहावीला होतास त्या साली तुझ्या आईचा पाय मोडला. जोडीशिवाय मुकादम कोयता धरेना, एकट्याला कामावर घेईना, म्हणून मी तुला गाडीत बसवलं. महिनाभरच, असं म्हणालो होतो. निघायच्या आदल्या दिवशी तुझे सर परीक्षेचा फॉर्म घेऊन घरी आले होते, फक्त तुझी सही राहिली होती. तू रानात होतास. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभा राहिलो आणि तुझ्या आईनं आतून सांगितलं, घरात कुणी न्हाई. बावीस वर्षं हे तुला सांगितलं नाही. परवा फोनवर तू म्हणालास, "महिनाभरच पाठवा तिला," आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तुला शिकायचं होतं का, हे तेव्हा विचारायला हवं होतं. पहिल्या पेपरला तू ये. एकच दिवस ये. तिला शाळेच्या दारापर्यंत बापानं सोडावं. आणि मलाही तुला बघायचंय.

तुझाच,
अण्णा