पेला वाजला अन् मी एकटीच खाली

लातूर, मंगळवार, दिवेलागणीला

मी सांगतीय अन् नात लिहून राहिलीय. पिंके, तुझी अक्कल मधे घालू नको.

भूकंपापासून मी उशाशी तांब्यावर पेला उपडा ठेवते. जमीन हलली की पेला वाजतो. अंथरूणबी दाराशीच, लगेच पळता यावं म्हणून. पिंकीच्या क्लासपायी इथं तिसऱ्या मजल्यावर आले अन् बेचाळीस पायऱ्या बघून धस्स झालं. डॉक्टर म्हणाले, "आज्जी, रोज चाला, पण हळूहळू वाढवा." पहिला आठवडा एकच मजला उतरले-चढले, मग दोन. आता गुडघे कुरकुरत न्हाईत, धाप कमी झाली, झोपबी लागते.

आज पेला वाजला. मी थेट रस्त्यावर! बघते तर शेजारी बोअर पाडून राहिलेत. लोक हसले, मीबी हसले. मग मागं बघितलं, तर पिंकी न्हाई.

वर आले. पोर टेबलाला धरून उभी. "आज्जी, पायाला मुंग्या आल्या गं, उठताच येईना." सतरा वर्षांची म्हातारी! सकाळपासून खुर्चीत.

हसू नको, लिही. पाय चालले म्हणून मी पळाले. पण हिला सोडून पळाले कशी? खरंच भूकंप असता तर?

उद्या क्लासच्या आधी माझ्यासंगं एक मजला. "वेळ न्हाई" म्हणतीय. बरं, वही घेऊन उतर, पायरीपायरीला पाठ कर.

तुझे पाय पळते होईतवर माझं अंथरूण दाराशी न्हाई. तुझ्या खुर्चीपाशी टाक.