हुरड्याला चारशे ऐंशी घोडे

२७ डिसेंबर
आजपासून राग बंद. कायमचा.
वैजयंती माहेरी गेली त्याला कारण क्षुल्लक होतं. मी मिक्सर गॅलरीतून खाली टाकला. मिक्सरच, तिला नाही. ती म्हणाली, आज मिक्सर, उद्या मी. बायकांना प्रमाण कळत नाही.
मन शांत ठेवायला पुण्याहून लाल स्पोर्ट्स कार आणली. सेकंडहँड, पण ताकद चारशे ऐंशी घोड्यांची. विकणारा म्हणाला, टायर उन्हाळी आहेत, थंडीत रबर कडक होऊन पकड सुटते, बदलून घ्या. सोलापुरात थंडी? त्याच्या तोंडावर हसलो.

३० डिसेंबर, सकाळी
चिंचोळी एमआयडीसीचा रस्ता, मोकळा. जरा पाय दिला. गाडीची मागची बाजू पुढे आली. दोन गिरक्या घेऊन बाभळीत.
चूक बाभळीची. उतरून तिला लाथा घातल्या. काटा बुटातून आरपार. धनुर्वाताचं इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरशी थोडी झटापट झाली. त्याचा चष्मा आधीच सैल होता. राग बंदच आहे. ही वेदना होती.

२ जानेवारी
सासरे सिद्धलिंगप्पा यांचा फोन. रविवारी सकाळी शेतावर हुरड्याला या म्हणाले. चार वडीलधारी असतील, वैजयंतीही बोलेल. शेवटी दोनदा बजावलं, शांतपणे या.
शरण आले! जावयाला हुरड्याला उगीच बोलावतात होय? चार वडीलधारी म्हणजे स्वागत समिती.
मेव्हणा अमरेशही असणार. लग्नात मला रेडा म्हणाला होता. लिहून ठेवतो : अमरेशला मारायचं नाही.

३ जानेवारी
पहाटे सराव. माझ्या कारखान्याच्या गेटचा खांब पाडला. वॉचमन महिपती हसला. त्याची खुर्ची विहिरीत टाकली. मग कळलं, त्याचा चेहराच तसा आहे. सोमवारी नवी खुर्ची देणार.
मोबाइलवर वाचलं, रेसवाले टायर गरम राहावेत म्हणून त्यांना ब्लँकेट गुंडाळतात. अरे, आपण सोलापूरचे! माळ्यावरून वैजयंतीच्या रुखवतातल्या चार चादरी काढल्या. चारी चाकांना एकेक. मी सतरंजी ओढून कुडकुडणार. बायकोसाठी एवढं कोण करतं?

४ जानेवारी, सकाळी सहा
टायर गारठलेले. रेसवाल्यांची ब्लँकेटं विजेवर चालतात, हे आत्ता वाचलं. चादरी ग्रीसने काळ्या झाल्या. हरकत नाही. माणूस गरम असला की पुरे.

४ जानेवारी, संध्याकाळी
सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
अक्कलकोट रस्त्यावर डॅशबोर्डवर टायर थंड असल्याचं चिन्ह लागलं आणि टिंगटिंग सुरू झाली. थांबेना. एक बुक्की मारली. स्क्रीन फुटला, बोटं फुटली, टिंगटिंग थांबली. शांतपणे जायचं होतं ना?
शेताजवळचा रस्ता दवाने ओला. ज्वारीच्या कडेला मांडव, आगटीचा धूर, भोवती माणसं. वैजयंती हिरव्या साडीत. गाडी बघून ती उठून उभी राहिली. छाती भरून आली. अशा वेळी कोण हळू जाईल? पाय दाबला.
गाडी आडवी झाली, मग उलट्या तोंडाने मांडवात शिरली. खांब मोडले. दही, गूळ, शेंगाचटणी सगळं काचेवर. पेटत्या गोवऱ्या उडून एका वडीलधाऱ्यांचं धोतर पेटलं. ते विझवायला ताकाचा हंडा त्यांच्यावर ओतावा लागला. अमरेशची मोटरसायकल चपटी झाली. शेवटी काहीतरी चिरडून गाडी थांबली.
अमरेशने मला ओढून काढून थोबाडीत दिली. मी मारलं नाही. लिहून ठेवलं होतं. फक्त माझं डोकं जोरात त्याच्या नाकापर्यंत नेलं. मग स्वागत समितीने काठ्या काढल्या. म्हातारे दणकट आहेत. ताकाने भिजलेले तर फारच.
तरी मी शांत होतो. पण मागच्या चाकाखाली एक बॅग दिसली आणि डोकं फिरलं. वाटेत बॅग ठेवणारा मूर्ख कोण, असं ओरडून तिला लाथ घातली. चेन फाटली. आतून साड्या बाहेर पडल्या.
वैजयंती पुढे आली. आवाज चढवला नाही.
"माझी बॅग हाय. सकाळीच भरून ठिवली होती. तुमी शांतपणे आला असता, तर तुमच्यासंगं निघाले असते की."
ती साड्या गोळा करायला बसली. मदतीला मी हात पुढे केला. तिने झटकन चेहऱ्यावर आडवा हात धरला.
मी मारणार नव्हतो. तिला ते माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

८ जानेवारी
गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली. दोन बरगड्या मोडल्यात. हसता येत नाही, ओरडताही येत नाही.
पडल्या पडल्या विचार केला आणि मूळ कारण सापडलं. थंडीतले टायर मागवले. दुकानदार म्हणाला, बाहेरून येतात, येईपर्यंत उन्हाळा लागेल.
वैजयंतीला फोन केला. तिने स्वतः उचलला. सांगितलं, चूक कळली, टायर बदलतोय. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.
बरं म्हणजे होकारच. लगेच कपाटात तिच्या साड्यांना जागा करायला गेलो. जागा रिकामीच होती.